पोटाची शिवण

शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या माणसाला भेटावयास येणारी मंडळी बहुधा एकच प्रश्न प्रथम विचारतात : टाके किती पडले? जबलपूरच्या विजय नगर वसाहतीतील एखादे मराठी घर असो, नाही तर नागपूर, सांगली किंवा पणजी येथील असो, प्रश्न ठरलेला असतो. उत्तरादाखल जो आकडा सांगितला जातो, तो कातडीवरच्या टाक्यांचा. वस्तुतः पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे जीवित ज्या टाक्यांवर अवलंबून असते, ते कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीत. ते कातडीच्या आणि चरबीच्या खाली, पोटाच्या मध्यरेषेवरून उभ्या गेलेल्या एका पांढऱ्या, चिवट पट्ट्यात घातलेले असतात. छातीच्या हाडाच्या टोकापासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत हा पट्टा पसरलेला आहे. दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या कंडरा तेथे एकमेकींत गुंफल्या जातात. माणूस खोकतो, शिंकतो, हसतो किंवा अंथरुणावरून उठून बसतो, त्या प्रत्येक वेळी हा पट्टा दोहोंकडून ओढला जातो. त्यात रक्तवाहिन्या थोड्या असल्यामुळे तो कापून पोटात शिरणे सोयीचे असते. परंतु कापलेला पट्टा पुन्हा असा शिवावयाचा की तो कायमचा सांधला जावा, हे काम शस्त्रवैद्यांना दोन हजार वर्षे कोडे घालीत आले आहे.

ही शिवण फसली तर दोन प्रकारचे अनर्थ ओढवतात. पहिला अनर्थ त्वरित येतो. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास पट्टीवर गुलाबी रंगाचे पाणी पाझरू लागते, आणि एखाद्या खोकल्यासरशी पोट उकलून आतडी बाहेर येतात. आधीच खंगलेल्या अशा रुग्णांपैकी पुष्कळ दगावतात. दुसरा अनर्थ सावकाश येतो. कातडी वरून सुरेख भरून आलेली असते, पण आतील पट्टा हळूहळू फाकत जातो आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी व्रणाच्या जागी फुगवटा दिसू लागतो. हाच जखमेचा अंतर्गळ, म्हणजे हर्निया. बसून काम करणाऱ्यास तो कदाचित सोसवेल. ओझी वाहणाऱ्या हमालाचे किंवा डोक्यावर पाटी घेणाऱ्या स्त्रीचे मात्र पोटच त्यामुळे हिरावले जाते.

या प्रश्नाचा सर्वात जुना आणि तपशीलवार भारतीय विचार सुश्रुतसंहितेत आढळतो. शस्त्रकर्माचे जे आठ प्रकार त्या ग्रंथात सांगितले आहेत, त्यांत सीवन हा एक स्वतंत्र प्रकार आहे. धाग्यांची यादी वाचताना मराठी माणसाला आपल्या रानाची आठवण व्हावी. दसऱ्याला ज्याची पाने सोने म्हणून वाटतात त्या आपट्याच्या सालीचा तंतू, शणाचा आणि जवसाच्या झाडाचा धागा, प्राण्यांच्या शिरांचा दोर, केस, मोरवेल आणि गुळवेल, अशी ती यादी आहे. सुयाही तीन प्रकारच्या : कमी मांसाच्या जागी आणि सांध्यांवर दोन बोटे लांबीची गोल सुई, मांसल भागासाठी तीन बोटे लांबीची तीन धारांची, आणि मर्मस्थाने, वृषण व उदर यांच्यासाठी धनुष्याप्रमाणे वाकलेली. आजही पोट शिवणाऱ्याच्या हातात वाकडीच सुई असते.

टाक्यांचे चार प्रकार सुश्रुतांनी नावानिशी दिले आहेत. वेलीप्रमाणे वेढे घेत जाणारा तो वेल्लितक, गोफणीच्या विणीसारखी ती गोफणिका, फाटलेल्या वस्त्राला रफू करावे तशी ती तुन्नसेवनी, आणि प्रत्येक टाका सुटा घेऊन सरळ गाठ मारावयाची तो ऋजुग्रंथी. सलग टाका की सुटा टाका, हा आजच्या शस्त्रक्रियागृहातील वाद या चार नावांतच बीजरूपाने आहे. त्याहूनही महत्त्वाची एक सूचना पुढे येते. सुई जखमेच्या कडेपासून फार दूर घालू नये आणि फार जवळही घालू नये. दूर घातल्यास वेदना होतात आणि जवळ घातल्यास कड फाटते, असे तेथे कारणासह सांगितले आहे. अंतर किती, हा प्रश्न त्या काळीही शस्त्रवैद्याच्या मनात होता, एवढे यावरून निश्चित होते.

घाव लागून आतडे बाहेर आले असेल तर ते दुधाने धुऊन, तूप लावून, नखे काढलेल्या हाताने हळूहळू आत सरकवावे, असाही विधी त्याच ग्रंथात आहे. आतड्याला छिद्र पडले असल्यास मोठ्या मुंग्यांकडून त्या कडा चाववून घ्याव्यात आणि मुंगीचे धड तोडून डोके तेथेच राहू द्यावे, हे काही आचार्यांचे मत म्हणून नोंदलेले आहे. पाश्चात्त्य जगात रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात पोटाच्या जखमेसाठी दोन सुया वापरण्यास सांगितले आणि आतील अस्तर व वरची कातडी ही दोन्ही शिवली पाहिजेत असा आग्रह धरला. पुढच्या शतकात गॅलेननेही पोट शिवण्याच्या पद्धतींचे विवेचन केले. तथापि हे सारे शास्त्र अपघाताने किंवा युद्धात फाटलेल्या पोटाचे होते. धडधाकट पोट आपण होऊन कापावे आणि पुन्हा शिवावे, हे धाडस क्वचितच होई.

ते धाडस १८०९ च्या डिसेंबरात अमेरिकेतील केंटकी प्रांतात डॅनव्हिल या लहानशा गावी एफ्राइम मॅक्डॉवेल याने केले. जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या स्त्रीच्या पोटातून त्याने बीजकोशाची साडेबावीस पौंडांची गाठ काढली. तेव्हा भूल देण्याचे औषध नव्हते आणि जंतूंची कल्पनाही नव्हती. शस्त्रक्रिया सुमारे पंचवीस मिनिटांत आटोपली. जखम त्याने सुट्या टाक्यांनी बंद केली. पाचव्या दिवशी तो भेटावयास गेला, तेव्हा ती बाई आपले अंथरूण आवरीत होती. पुढे ती बत्तीस वर्षे जगली. मात्र असे नशीब सर्वांच्या वाट्याला येत नसे. १८४६ साली बोस्टन येथे ईथरची भूल जाहीरपणे सिद्ध झाली आणि १८६७ साली जोसेफ लिस्टरने जंतुनाशक पद्धतीचे आपले लेख प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे पोट उघडणे हा नित्याचा व्यवहार होण्याची शक्यता निर्माण झाली. मेंढीच्या आतड्यापासून केलेली तांत लिस्टरने कार्बोलिक आम्लात भिजवून वापरली. शरीरात आपोआप विरघळून जाणारा हा धागा पुढे कॅटगट या नावाने जगभर पसरला आणि जवळजवळ शंभर वर्षे त्याने शस्त्रक्रियागृहांवर राज्य केले.

महाराष्ट्रात या नव्या विद्येची पहिली पेठ मुंबई. १८४५ साली तेथे ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, आणि १८५१ साली बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. दक्षिण महाराष्ट्रात मिरजेला विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले आणि दूरदूरच्या खेड्यांतून बैलगाड्या तिकडे वळू लागल्या. नर्मदेकाठच्या प्रदेशाचा संबंध नागपूरशी आला. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. पुढे इंग्रजी अमदानीत ते मध्य प्रांतात राहिले, आणि स्वातंत्र्यानंतरही १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या द्वैभाषिक राज्यात होते. नागपूरला १९१४ साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले आणि १९४७ साली वैद्यकीय महाविद्यालय झाले. जबलपूरला वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते १९५५ साली. आज ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. मंडला, दिंडोरी, शिवनी, नरसिंहपूर या जिल्ह्यांतील आडवळणाच्या गावांतून निघालेला रुग्ण शेवटी जबलपूरलाच येऊन पोहोचतो.

हे महाविद्यालय स्थापन झाले त्या काळी पोट शिवण्याची सर्वमान्य रीत थराथराची होती. सर्वात आतील पातळ अस्तर कॅटगटने शिवावयाचे, त्यावरील कंडरेचा थर पुन्हा कॅटगटने, आणि शेवटी कातडी. जे जसे कापले ते तसेच जोडावे, हा त्यामागील विचार वरवर पाहता बिनतोड होता. पण त्यात दोन दोष दडलेले होते. पहिला धाग्याचा. कॅटगटचे बळ एक-दोन आठवड्यांतच ओसरते आणि कंडरेला आपली शक्ती परत मिळवावयास कित्येक महिने लागतात. म्हणजे आधार सर्वाधिक हवा असतानाच तो निघून जाई. दुसरा दोष थरांचा. पातळ थर वेगवेगळे शिवल्याने टाक्याला धरावयास पुरेसे मांस मिळत नसे. यावर तोड म्हणून अमेरिकेत १९४१ साली जोन्स व त्याचे सहकारी यांनी पोलादी तारेने सर्व थर एकत्र घेणाऱ्या टाक्याचा पुरस्कार केला. त्यात प्रत्येक सुटा टाका एकदा कडेपासून दूर आणि एकदा जवळ असा दुहेरी घेतला जाई. स्मीड आणि जोन्स यांच्या नावाने तो अद्याप प्रसिद्ध आहे.

इंग्लंडमध्ये बकनॉल, कॉक्स आणि एलिस यांनी पोटाच्या ११२९ मोठ्या शस्त्रक्रियांचा पाठपुरावा करून १९८२ साली त्याचे फलित मांडले. त्यांत शेकडा १.७ रुग्णांचे पोट उकलले होते आणि शेकडा ७.४ रुग्णांना पुढे हर्निया झाला होता. थराथराने शिवण्यापेक्षा सर्व थर एकत्र शिवल्यास पोट उकलण्याचा धोका पुष्कळच कमी होतो, हे त्यातून स्पष्ट झाले. तत्पूर्वी १९७७ साली एलिस आणि हेडल यांनी आणखी एक जुनी समजूत तपासली होती. सर्वात आतील अस्तर शिवण्याची गरजच आहे काय, असा प्रश्न त्यांनी विचारला, आणि ते न शिवताही काही बिघडत नाही असे आढळले. ते अस्तर थोड्याच दिवसांत आपले आपण सांधले जाते.

परंतु या विषयाला खरी कलाटणी मिळाली ती १९७६ साली, जेंकिन्स या इंग्रज शस्त्रवैद्याच्या एका लेखाने. उकललेले पोट पुन्हा उघडून पाहिले तर बहुधा धागा तुटलेला नसतो आणि गाठही सुटलेली नसते. धागा शाबूत असतो, पण त्याने मांसच कापून काढलेले असते. लोण्याच्या गोळ्यातून ताणलेला दोरा ओढावा तसा हा प्रकार आहे. असे का होते याचा हिशेब जेंकिन्सने यंत्रशास्त्राच्या दृष्टीने मांडला. शस्त्रक्रियेनंतर पोट फुगते आणि जखमेची लांबी शेकडा तीसपर्यंत वाढू शकते. जखम लांबते, पण धाग्याची लांबी तेवढीच राहते. धाग्यात पुरेसा वाव ठेवलेला नसेल तर तो मांसात रुतू लागतो. म्हणून सलग शिवणीत जखमेच्या लांबीच्या किमान चौपट धागा आत राहिला पाहिजे, असा नियम त्याने सांगितला. जखम वीस सेंटिमीटर असेल तर ऐंशी सेंटिमीटर धागा. ज्याला टाके दूरदूर घेण्याची किंवा धागा आवळून ओढण्याची सवय आहे, त्याच्याकडून एवढा धागा खर्चच होत नाही.

त्यानंतरच्या काळात धागाही पालटला. कॅटगटच्या जागी रासायनिक धागे आले. त्यांपैकी काही कधीच विरघळत नाहीत, तर काही चार आठवड्यांनंतरही आपले सुमारे निम्मे बळ टिकवून धरतात आणि सहा-सात महिन्यांत नाहीसे होतात. हर्नियाचे बी कधी पडते, याचाही शोध लागला. पोलॉक आणि इव्हान्स यांनी जखमेच्या दोन्ही कडांना धातूच्या बारीक चिमट्या लावून ठेवल्या आणि नंतर क्ष-किरणांनी त्यांच्यातील अंतर मोजले. महिन्याभरात ज्यांच्या कडा बारा मिलिमीटर किंवा अधिक फाकल्या होत्या, त्यांना पुढे हर्निया होण्याचा संभव फार मोठा होता, असे त्यांनी १९८९ साली दाखवून दिले. म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी दिसणाऱ्या दुखण्याचे मूळ पहिल्या महिन्यातच रुजलेले असते.

मग टाका किती मोठा घ्यावा? मांस फाटू नये म्हणून कडेपासून निदान एक सेंटिमीटर दूर सुई घालावी, असा दंडक पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. स्वीडनमधील सुंड्सव्हाल येथील इस्रायलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो कसोटीला लावला. मोठ्या टाक्यात कंडरेबरोबर स्नायू आणि चरबीही सापडते. ती दबते, मऊ पडते, मग टाका सैल होतो आणि कडा फाकतात. दबलेल्या मांसाचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे जंतूंनाही आश्रय मिळतो. याउलट कडेपासून पाच ते आठ मिलिमीटरवर घेतलेला, केवळ कंडरा धरणारा बारीक टाका घट्ट राहतो. १९३० ते १९६० या काळातील शस्त्रवैद्याला हे सांगितले असते तर त्याने मान डोलावली नसती. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ७३७ रुग्णांच्या स्वीडिश पाहणीत मोठ्या टाक्यांनंतर शेकडा १८ जणांना हर्निया झाला, तर बारीक टाक्यांनंतर शेकडा ५.६ जणांना. जखम चिघळण्याचे प्रमाणही शेकडा १०.२ वरून ५.२ वर उतरले. हॉलंडमधील दहा रुग्णालयांनी ५६० रुग्णांवर हीच तुलना केली आणि २०१५ साली तिचे निष्कर्ष जाहीर झाले. एका वर्षानंतर मोठ्या टाक्यांच्या गटात शेकडा २१ आणि बारीक टाक्यांच्या गटात शेकडा १३ रुग्णांना हर्निया आढळला. बारीक शिवणीत सरासरी पंचेचाळीस टाके पडले, मोठ्या शिवणीत पंचवीस. वेळ चारेक मिनिटे अधिक लागला.

येथे वाद मिटला असे वाटेल. पण हॉलंडची ती पाहणी केवळ ठरवून, तयारीनिशी केलेल्या शस्त्रक्रियांची होती. जबलपूरच्या रुग्णालयात मध्यरात्री येणाऱ्या रुग्णाची कथा निराळी असते. जठराच्या व्रणाला किंवा विषमज्वरात आतड्याला छिद्र पडून दोन-तीन दिवस झालेले असतात. पोटात पू असतो, पोट फुगलेले असते, अंगात रक्त कमी आणि शरीर कुपोषणाने वाळलेले असते. अशा सुजलेल्या, ठिसूळ मांसात सलग धागा एका जागी सैल झाला तर सगळी शिवणच उसवते. सुट्या टाक्यांत एक टाका गेला तरी शेजारचे तग धरतात. उलट बाजूने पाहिले तर सुटे टाके घेण्यास वेळ अधिक लागतो, प्रत्येक टाक्याचा ताण निरनिराळा पडतो आणि गाठींची संख्या वाढते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुराग श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुलीच्या आकाराचा एक सुटा टाका योजून त्याची सलग टाक्याशी तुलना केली आणि २००४ साली ती प्रसिद्ध केली. त्यांच्या रुग्णांत पोट उकलण्यापासून फुलीच्या टाक्याने अधिक संरक्षण मिळाले. युरोपातील हर्नियातज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली मार्गदर्शक सूत्रे दिली, तेव्हा त्यांत ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांसाठी बारीक, सलग टाका आणि सावकाश विरघळणारा धागा सुचविला. तातडीच्या शस्त्रक्रियांपुरता मात्र पुरावा अपुरा असल्याचे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले.

सुश्रुतांनी आजचे पाच मिलिमीटर आधीच सांगून ठेवले होते, असा अर्थ काढणे त्यांच्यावरही अन्याय करणारे ठरेल. त्यांनी प्रश्न अचूक विचारला होता आणि उत्तर हाताच्या अनुभवावर सोपविले होते. गेल्या अर्धशतकात त्या प्रश्नाला मोजपट्टी लागली. धाग्याचे नाव, गाठीची तऱ्हा, सुटा की सलग हे मतभेद काही काळ राहतील, आणि आपल्याकडील उशिरा येणाऱ्या, खंगलेल्या रुग्णांवर आपल्याच रुग्णालयांतून अधिक पाहण्या झाल्याखेरीज ते मिटणार नाहीत. पण सलग शिवणीत एक गोष्ट आजच, कोणत्याही रुग्णालयात, पैशाच्या खर्चाशिवाय होऊ शकते. शिवण संपल्यावर उरलेला धागा मोजावयाचा, तो मूळ लांबीतून वजा करावयाचा, आणि जखमेच्या चौपट धागा आत राहिला की नाही हे पाहून रुग्णाच्या कागदावर लिहून ठेवावयाचे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. एक मोजपट्टी आणि अर्धा मिनिट पुरतो. मंडल्याच्या जंगलातून आलेला मजूर पुन्हा मोळी उचलू शकेल की नाही, हे पुष्कळ अंशी त्या अर्ध्या मिनिटात कळून येते.